डॅकपर्यंतचा दीड मीटर: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी बाहेरचा डॅक (संगणकातल्या डिजिटल गाण्याचा ऐकता येईल असा आवाज करणारी वेगळी डबी) घेतला तेव्हा वाटलं होतं, तार खोचायची आणि ऐकायला बसायचं. डॅक चांगला आहे, त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही, त्यामुळे हे त्याचं परीक्षण नाही. लिहायचंय ते संगणक आणि डॅक यांच्यामधल्या दीड मीटरबद्दल. माझे पहिले तीन महिने तिथेच खर्ची पडले.

सुरुवात अर्थातच यूएसबीने केली. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (यूएसबीवरून आवाज पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचा) ड्रायव्हर आतच मिळतो, लिनक्सला तर त्याआधीपासूनच वेगळं काही लागत नाही. तार खोचली, आवाज आला, मी खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की डॅकच्या पडद्यावर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो आकडा) कायम ४८ च दिसतोय. सीडीवरून उतरवलेली ४४.१ किलोहर्ट्झची फाईल लावा नाहीतर ९६ ची, आकडा ४८ वरून हलायला तयार नाही.

कारण साधं होतं. ब्राउझर, मेसेजची टिंगटिंग, गाणं, सगळ्यांचे आवाज विंडोज एकत्र मिसळतं आणि सेटिंगमध्ये जो सॅम्पल रेट ठरवलेला असेल त्यात बदलून पुढे पाठवतं. प्लेअरमध्ये वासापीचा (विंडोजच्या आवाज पाठवायच्या यंत्रणेचा) एक्सक्लुझिव्ह मोड लावला, म्हणजे मिसळणं टाळून गाणं थेट डॅककडे, आणि आकडा फाईलप्रमाणे बदलायला लागला. फरक ऐकू आला का? खरं सांगायचं तर नाही. बायकोला कळफलकापाशी बसवून, न बघता दहा वेळा ऐकलं. माझी उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर आली. तरी तो मोड ठेवलाय, कारण तो चालू असताना मेसेजची टिंगटिंग गाण्यात घुसत नाही. माझ्यासाठी तेवढंच पुरे.

मग टिकटिक सुरू झाली. दहा-वीस मिनिटांत एकदा, मध्येच बारीकसा ‘टक्’. तीन तारा बदलल्या, त्यातली एक चांगली जाडजूड, विणीच्या आवरणाची. टक् तसाच. शेवटी दोष सापडला तो हबमध्ये: डॅक आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच हबवर होते. डॅक थेट मागच्या पोर्टला लावला, त्या दिवसापासून टक् गायब.

यावरून तारेबद्दल माझं मत पक्कं झालं. यूएसबीवरून आवाज ज्या पद्धतीने जातो तिच्यात पाकीट (एका वेळी जाणारा माहितीचा छोटा गठ्ठा) खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जात नाही. ते गेलं ते गेलंच. म्हणजे तार वाईट असेल तर टक् येईल, फट पडेल, आवाज तुटेल. तारेमुळे खर्ज भरदार झाला किंवा तारसप्तक मऊ झालं असं होण्याची सोयच त्यात नाही. विणीची तार आता प्रिंटरला लावली आहे. प्रिंटर खूश दिसतो.

घड्याळाचा भाग मात्र खरोखर मजेशीर आहे. जुन्या, सेकंदाला १२ मेगाबिटच्या यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक पाकीट निघतं. ४४.१ किलोहर्ट्झला एका मिलिसेकंदात ४४.१ नमुने येतात, आणि नमुन्याचा दहावा हिस्सा काही पाठवता येत नाही. मग नऊ पाकिटांत ४४-४४ नमुने आणि दहाव्यात ४५. हे ओबडधोबड वाटप ऐकून मी आधी दचकलो होतो. पण असिंक्रोनस डॅकमध्ये घड्याळ डॅकचं स्वतःचं असतं. आलेला माल तो आधी बफरमध्ये साठवतो, आपल्या ठेक्यावर बाहेर काढतो, आणि संगणकाला मधूनमधून कळवत राहतो की जरा जास्त पाठव, जरा कमी पाठव. पाकिटं कशी का येईनात, ठेका बिघडत नाही. प्रकाशाच्या तारेवरच्या ऑप्टिकल आणि विजेच्या तारेवरच्या कोअ‍ॅक्समध्ये उलटं: ठेका पाठवणाऱ्याचा, तो त्याच तारेतून मालाबरोबर येतो आणि डॅकला तो त्यातून वेगळा काढावा लागतो. कागदावर यूएसबी सरस. माझ्या घरी मात्र निकाल दुसऱ्याच गोष्टीवर लागला.

ती गोष्ट म्हणजे किरकिर. तानपुरा एकटा चालू असताना, गायक पहिला सा लावायच्या आधीच्या शांततेत, मागे बारीक किर्र ऐकू यायची. माउसने पान वरखाली केलं की तिची पट्टी बदलायची! डिजिटल माल बिघडून असा आवाज येत नाही. हा संगणकातला विजेचा गोंगाट, यूएसबीच्या अर्थिंगच्या तारेतून डॅकच्या अ‍ॅनालॉग भागात शिरत होता. लॅपटॉप जोडून पाहिला: चार्जर काढला की शांत, लावला की किर्र. संशयाला जागाच उरली नाही.

डेस्कटॉपला ऑप्टिकल आउटपुट होतं, ती तार आणली. पहिली पंधरा मिनिटं आवाजच नाही. सेटिंग तपासलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला, मदरबोर्डवर शंका घेतली. प्लगच्या टोकावरची पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढायची राहिली होती. काढली, खोचली, आणि किरकिर साफ गेली. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज नाही. गोंगाटाला यायला रस्ताच नाही. १९८३ मध्ये तोशिबाने काढलेली ही जोडणी, पण या दुखण्यावर तिच्याइतका सोपा उपाय मला दुसरा सापडला नाही.

तार हाताशी होतीच, म्हणून बाहेरच्या खोलीतल्या जुन्या रिसीव्हरवर एक प्रयोगही केला. वेव्ह फाईलमध्ये भरलेला डीटीएसचा (अनेक स्पीकरांचा आवाज दाबून बसवायच्या पद्धतीचा) आवाज लावायचा. एकेक बिट जसाच्या तसा पोचला तरच रिसीव्हरला ती भाषा कळते, नाहीतर नुसता फस्स. (आवाज आधी अगदी कमी करा. मी केला नव्हता.) साध्या मोडमध्ये फस्स. एक्सक्लुझिव्हमध्ये डीटीएसचा दिवा लागला आणि गाणं सुरू. मग प्लेअरचा आवाज १०० वरून ९९ वर आणला, लगेच दिवा गेला, पुन्हा फस्स. कोणी ‘बिट-परफेक्ट’ म्हणतं तेव्हा ते नेमकं काय, हे त्या एका टक्क्याने दाखवलं. रोजच्या ऐकण्यात त्या टक्क्याची धास्ती घेऊ नका. साधारण ६ डेसिबल कमी केले की एक बिट जातो, आणि १६ बिटांचं गाणं २४ बिटांच्या वाटेने जात असेल तर आठ बिट शिल्लकच असतात.

ऑप्टिकलची उणीव एवढीच की माझ्याकडे ते ९६ च्या वर टिकत नाही, १९२ ला आवाज तुटतो. तसल्या फायली माझ्याकडे मोजून चार.

लॅपटॉपला ऑप्टिकल नाही, म्हणून यूएसबी आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवून फक्त माल पुढे जाऊ देणारी डबी) घेतला. किरकिर गेली, पण १९२ तिथेही गेलं, आणि यावेळी दोष कोणाचाच नव्हता. हा आयसोलेटर १२ मेगाबिटवाला. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे ९.२ मेगाबिट, वरवर पाहता बसायला हवं. पण त्या वेगावर एका पाकिटात जास्तीत जास्त १,०२३ बाइट मावतात आणि इथे दर मिलिसेकंदाला १,१५२ लागतात. ९६ ला ५७६, ते आरामात जातं. घेण्याआधी आपला डॅक या जुन्या वेगावर चालतो का ते नक्की बघा. काही डॅक त्यावर ओळखच देत नाहीत.

एक कटकट अजून आहे. ४४.१ नंतर ९६ ची फाईल आली की डॅक आतून ‘खट्’ करतो आणि गाण्याचा पहिला क्षण खातो. प्लेअरमध्ये प्रत्येक गाण्याआधी एक सेकंद शांतता टाकून भागवतोय. कोअ‍ॅक्सबद्दल विचाराल तर डॅकच्या मागचं ते भोक आठ महिने रिकामंच आहे. माझ्या दोन्ही संगणकांना तशी जागाच नाही.