एक सविस्तर लेख की अनेक छोटे लेख: संकेतस्थळासाठी निवड करताना

सोलापुरी चादरी आणि टॉवेल यांच्या आमच्या घरच्या व्यवसायाचे संकेतस्थळ गेली सहा वर्षे मी सांभाळतो आणि त्यावरचे सर्व मराठी लेख मीच लिहितो. लेख किती लांब असावा, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. आधीची पाच वर्षे मी बहुतेक वेळा एका प्रश्नाला एक याप्रमाणे तीनशे ते चारशे शब्दांचे छोटे लेख लिहिले आणि ते हळूहळू वाढत 22 झाले. अस्सल सोलापुरी चादर कशी ओळखावी, यावर मात्र सुरुवातीलाच सुमारे 2,100 शब्दांचा एक सविस्तर लेख लिहून ठेवला होता. त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच संकेतस्थळावर, एकाच वाचकवर्गासमोर, शेजारी शेजारी नांदताना मला पाहायला मिळाले. ज्यांना आता ही निवड करायची आहे, त्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. माझे निष्कर्ष एका दुकानापुरते आहेत, हे लक्षात ठेवूनच ते वाचावेत.

गूगलचा मुद्दा आधी बाजूला करतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. 2011च्या फेब्रुवारीत गूगलच्या शोधनिकालांच्या क्रमवारीत ‘पांडा’ नावाचा बदल आला आणि त्यात पोकळ, केवळ भरतीसाठी लिहिलेली पाने मागे ढकलली गेली. तेव्हापासून ‘लेख मोठाच हवा’ ही समजूत पक्की झाली. वस्तुतः गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे की आम्हाला अमुक एक शब्दसंख्या पसंत नाही. म्हणून दीड हजार शब्द भरावेत या हेतूने वाक्ये ताणण्यात काहीच हशील नाही. शिवाय शब्दसंख्येचे जे आकडे आपल्याकडे फिरतात, ते जवळजवळ सगळे इंग्रजी लेखांवरून आलेले असतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘सोलापूरहून पंढरपूरकडे जाणाऱ्यांसाठी’ हे आपले तीन शब्द झाले. इंग्रजीत तेवढाच आशय सांगायला सात शब्द खर्ची पडतात. इंग्रजीतल्या दोन हजार शब्दांचे उद्दिष्ट जसेच्या तसे मराठीत आणले, तर लेख आवश्यकतेपेक्षा बराच फुगतो, असे मला वाटते.

आता छोट्या लेखांची बाजू. ती कमकुवत आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. वाचक पानावर किती कमी थांबतो, याविषयी संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2008 साली केलेले विश्लेषण प्रसिद्ध आहे: एका सरासरी भेटीत वाचक पानावरचे फार तर 28 टक्के शब्द वाचू शकतो आणि पानावर 100 शब्द वाढवले, तर तो साधारण 4.4 सेकंदच अधिक थांबतो. ती नोंद मोबाइल सर्वांच्या हाती येण्यापूर्वीची आहे, तरीही मला दुकानात दिसणारे चित्र फार वेगळे नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या मध्यावर, नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला आलेली माणसे परतीच्या वाटेवर चादरी घ्यायला येतात आणि ‘डबल बेडला कुठल्या आकाराची लागेल?’ एवढेच विचारतात. अशा ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटा लेख पाठवला की तो तिथेच उभ्या उभ्या वाचून होतो. लिहिणाऱ्यालाही छोटा लेख सोसतो. दुकान बंद केल्यावर रात्री तासाभरात एक लेख पुरा होतो आणि काम पुढे सरकल्याचे समाधान मिळते. सविस्तर लेखाला मला दहा-बारा बैठका लागल्या, आणि मधल्या काळात तो अर्धवट पडून राहिला याची टोचणी होती ती वेगळीच.

सविस्तर लेखाचा गुण मला उशिरा उमगला. आमच्या मालाचे प्रश्न एकमेकांत सुताच्या गुंडीसारखे गुंतलेले असतात. चादर किती जड आहे यावर ती वाळायला किती वेळ लागेल हे ठरते. ती जड का आहे हे सुतावरून आणि विणीवरून कळते. आणि विणीची गोष्ट निघाली की जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी कशी दिसते, हे सांगावेच लागते, कारण नकली माल ओळखण्याची एक सोपी खूण तीच आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे मूळ ठिकाणाशी जोडलेल्या नावाची कायदेशीर नोंद, आहे, पण दुसरीकडे यंत्रावर छापलेली किंवा हलक्या सुताची चादर ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकली जाते. हे सगळे छोट्या छोट्या लेखांत तोडले, तर प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला तीच पार्श्वभूमी पुन्हा सांगावी लागते. माझ्या 22 लेखांपैकी निदान नऊ लेखांत मानांकनाचा परिच्छेद थोड्याफार फरकाने तोच होता. सलग दोन-तीन लेख वाचणाऱ्याला तो कंटाळवाणा झाला असेल, यात शंका नाही.

इथपर्यंत पारडी जवळजवळ सारखीच होती. माझा निर्णय एका गोष्टीने झाला, आणि ती गोष्ट दुरुस्तीची आहे. लेख लिहिताना तिचा विचार सहसा कोणी करत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

चादरी, टॉवेल यांसारख्या तयार कापडी वस्तूंवर पूर्वी 1,000 रुपयांपर्यंतच्या नगाला 5 टक्के आणि त्यापुढच्या नगाला 12 टक्के वस्तू व सेवा कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ही मर्यादा 2,500 रुपये झाली. म्हणजे 2,500 रुपयांपर्यंतच्या नगाला 5 टक्के आणि त्यापुढच्या नगाला 18 टक्के. आमच्या चांगल्या प्रतीच्या चादरी बहुतेक हजार ते दोन हजारांच्या दरम्यान आहेत, त्यामुळे हा बदल आमच्यासाठी मोठाच होता. चौदाशे रुपयांच्या चादरीवर पूर्वी 168 रुपये कर पडायचा, तो 70 रुपयांवर आला. त्याच आठवड्यात मी संकेतस्थळावरची माहिती बदलायला बसलो. सविस्तर लेखात कराचा उल्लेख एकाच ठिकाणी होता; तो पाच मिनिटांत बदलला. छोट्या लेखांत मात्र तो जिथे संदर्भ आला तिथे तिथे विखुरलेला होता: घाऊक खरेदीच्या लेखात, लग्नाच्या आहेराच्या लेखात, वसतिगृहांसाठी टॉवेल घेण्याच्या लेखात, किमती गावोगावी वेगळ्या का दिसतात या लेखात. मी शोधपेटीत ‘12 टक्के’ टाकून सापडलेल्या सर्व जागा दुरुस्त केल्या. मग आठवले की काही लेखांत मी देवनागरी अंक वापरले आहेत, म्हणून ‘१२ टक्के’ शोधले. पुढे टक्क्यांचे चिन्ह लावून दोन्ही अंकांत शोधले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि काम झाले, असे मी समजलो.

दिवाळीच्या आधी लातूरच्या एका व्यापाऱ्यांचा दूरध्वनी आला. त्यांना चाळीस चादरी हव्या होत्या. मी दर सांगितला, 5 टक्के कर धरून एकूण रक्कम सांगितली आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, “मालक, तुमच्याच पानावर बारा टक्के लिहिलंय आणि तुम्ही पाच सांगताय. माल बिलाचाच आहे ना?” त्यांनी आमचा लेख वाचून आधीच हिशेब करून ठेवला होता आणि माझी रक्कम त्यांच्या हिशेबापेक्षा 3,920 रुपयांनी कमी भरली होती. कमी रक्कम ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. उलट आपल्याला बिलाशिवायचा माल गळ्यात मारला जातो आहे की काय, अशी शंका त्यांना आली. मी त्यांना दुरुस्त केलेल्या दुसऱ्या लेखाची लिंक पाठवली. त्यावर त्यांचे उत्तर आले, “दोन्ही पानं तुमचीच. मग खरं कुठलं धरायचं?”

झाले होते असे की वसतिगृहाच्या लेखात मी आकड्याऐवजी अक्षरांत ‘बारा टक्के’ लिहिले होते आणि माझ्या कुठल्याच शोधात ते सापडले नव्हते. व्यवहार अखेर पार पडला, पक्के बिल पाहून त्यांचे समाधानही झाले. पण आमच्या घरी वडिलांपासून एक शिस्त आहे की ग्राहकाला तोंडी सांगितलेला शब्द आणि लिहून दिलेला शब्द यांत फरक पडता कामा नये. तो फरक माझ्या लेखणीमुळे पडला, याचे मला अतिशय वाईट वाटले. त्या रात्री मी 22 लेख छापून काढले आणि कुठली माहिती किती ठिकाणी आहे, हे पेन्सिलीने खुणावत बसलो. कर सात ठिकाणी होता, आकारांची माहिती सहा ठिकाणी, दुकानाच्या वेळा चार ठिकाणी. एक गोष्ट बदलली की सात दारांची कडी तपासायची, आणि एक दार विसरले की विश्वासाला तडा. छोट्या लेखांची ही किंमत लिहिताना कधीच दिसत नाही.

त्यानंतर मी त्या लेखांचे तीन सविस्तर लेख केले: चादर निवडणे, घाऊक खरेदी आणि टॉवेल. त्यातला सर्वांत मोठा सुमारे 2,400 शब्दांचा आहे. केवळ जोडकाम करून भागत नाही, हे त्यात कळले. छोटा लेख ज्या गुणामुळे वाचला जातो, तो गुण मोठ्या लेखातही सांभाळावा लागतो. म्हणून प्रत्येक उपशीर्षक ग्राहक विचारतो त्याच शब्दांत ठेवले, त्याखालच्या पहिल्याच वाक्यात उत्तर दिले आणि कारणे मागाहून मांडली. वर अनुक्रमणिका दिली आणि प्रत्येक उपशीर्षकाला स्वतंत्र लिंक ठेवली. आता ‘डबल बेडला कुठली?’ असे कोणी विचारले, तर मी त्याच परिच्छेदाची लिंक पाठवतो. पान उघडते तेच त्या जागी. जुन्या लेखांचे पत्तेही तसेच सोडले नाहीत. कायमचे पुनर्निर्देशन करून ते नव्या लेखाकडे वळवले, नाही तर कोणी पूर्वी जपून ठेवलेली लिंक उघडली असती आणि समोर रिकामे पान आले असते.

वाचन कमी होईल ही भीती मला होती. माझ्याकडे मोजमापाची मोठी साधने नाहीत, पण दुकानातला अनुभव उलटाच आहे. आकार पाहायला आलेला ग्राहक बहुतेक वेळा खाली सरकत जातो आणि दोन्ही बाजूंच्या नक्षीविषयी वाचूनच दुकानात येतो. काउंटरवर चादर उलटी करून पाहतो, काठाला बोट लावून वीण तपासतो. असे ग्राहक पूर्वी क्वचित भेटत. सोलापूरच्या पूर्व भागात माग चालवणाऱ्या आमच्या एका जुन्या विणकराला हे सांगितले, तेव्हा त्यांनाही बरे वाटले.

तरीही सर्वांनी सविस्तर लेखच लिहावेत, असा माझा आग्रह नाही. ज्यांचा विषय रोज बदलतो, उदाहरणार्थ बाजारभाव, कार्यक्रमांच्या घोषणा किंवा गाड्यांच्या वेळा, त्यांनी छोटे लेखच लिहावेत; तिथे जुना लेख जुना म्हणूनच वाचला जातो आणि त्याची दुरुस्ती कोणी अपेक्षित धरत नाही. ज्यांचे प्रश्न खरोखर एकमेकांपासून सुटे आहेत, त्यांनाही एकत्र बांधण्याची गरज नाही. तसेच सलग दोन हजार शब्द लिहिण्याइतकी सवड किंवा सवय नसेल, तर अर्धवट मोठ्या लेखापेक्षा पुरा झालेला छोटा लेख केव्हाही बरा. मात्र तुमचा विषय वर्षानुवर्षे तोच राहणार असेल, त्यातले आकडे अधूनमधून बदलत असतील आणि वाचक त्या आकड्यांवर पैशाचा निर्णय घेत असेल, तर निवड करण्यापूर्वी एक आकडा निवडून तो आपल्या किती पानांवर येतो, हे एकदा मोजून पाहावे. माझ्या मते तीनपेक्षा अधिक पाने निघाली, तर ती एकत्र करण्याचा विचार करायला हरकत नाही. आकडे लिहिताना कुठल्याही एकाच पद्धतीने लिहावेत, अंकांत तर सर्वत्र अंकांत, हेही त्याबरोबर सुचवावेसे वाटते.

एक छोटा लेख मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. नवी चादर पहिल्यांदा कशी धुवावी, यावरचा तो दीडशे शब्दांचा मजकूर आहे. तो मोठ्या लेखात घालून पाहिला होता, पण आमच्या मावशींनी एकदा न्हाणीघरातून ओल्या हातांनी मोबाइल धरून तो उघडला. अनुक्रमणिकेवर बोट नीट टेकेना आणि पान भलतीकडेच सरकले. तेवढ्यात गडद निळी चादर पांढऱ्या टॉवेलांसोबत बादलीत गेली होती. त्या मजकुरात ना किंमत आहे, ना कर, ना दुकानाची वेळ. बदलण्यासारखे काहीच नाही. म्हणून तो एकटाच राहू दिला आहे, आणि प्रत्येक चादरीच्या पिशवीत त्याचीच छापील चिठ्ठी घालतो.