जुन्या जीआय लाइनला नवा सीपीव्हीसी पाइप: जोड कुठे आणि कशाने?

बाथरूम नवं करायला घेतलं की हा प्रश्न येतोच. फरशी फुटलेली, भिंतीतून जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाचं टोक बाहेर आलेलं, आणि प्लंबर विचारतो, "काय आणू?"

आधी मापाचं बघा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून 21.3 मिमी भरतो आणि पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) 22.2 मिमी. पट्टीवर दोन्ही एकच वाटतात. आमच्याकडे असंच मोजून पाऊण इंचीचं सामान आलं आणि एकही आटा बसला नाही. त्यामुळे जुना निपल (बाहेरून आटे असलेला आखूड तुकडा) किंवा सॉकेट (आतून आटे असलेला जोड) सोडवून दुकानात सोबतच न्या आणि तिथेच आटे फिरवून बघा.

माझी पहिली पसंती जुन्या आट्यांवरच जोड घेण्याला. जवळचा सॉकेट सापडेपर्यंत भिंत वीतभर जास्त फोडावी लागली तरी चालेल. सोडवताना दोन पाने लावा: एकाने जुना पाइप घट्ट धरायचा, दुसऱ्याने सॉकेट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पाइप भिंतीत आतच पिळवटतो. मग तारेच्या ब्रशने आटे साफ करून टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि पितळी आट्यांचा अडॅप्टर (एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला सीपीव्हीसी चिकटवायची जागा) बसवा. इथे पैसे वाचवू नका. जीआयचे बाहेरचे आटे निमुळते असतात. प्लास्टिकच्या एफटीएमध्ये (आतून आटे असलेल्या अडॅप्टरमध्ये) ते कसत नेले की पाचरीसारखे शिरतात आणि तो उभा तडकतो, अनेकदा टाइल्स लागल्यानंतर. गीझरच्या लाइनला तर पितळीच हवा.

दुसरा पर्याय कॉम्प्रेशन कपलिंग, म्हणजे नट आवळून बसणारा जोड. त्याला पाइपावर आटे लागत नाहीत. पाइप सरळ कापायचा, रबरी रिंग चढवायची आणि नट आवळायचा. जुन्या पाइपाला पीळ बसत नाही, हा मोठा फायदा. पण गंजून खड्डे पडलेल्या पाइपावर रबर नीट बसत नाही, शिवाय पुढे कधीतरी नट पुन्हा आवळावा लागतो. म्हणून ते डक्टमध्ये किंवा गच्चीवर, हात पोचेल तिथेच लावा. भिंतीत गाडू नका.

जुन्या पाइपावर डायने (आटे पाडायच्या हत्याराने) नवे आटे पाडण्याचा सल्लाही मिळेल. कापलेल्या टोकाला जाडी चांगली दिसत असेल तरच तो ऐका. आटे पाडताना धातू कमी होतो आणि गंजलेल्या पाइपात कमी व्हायला फारसं काही उरलेलं नसतं.

कापलेला तुकडा डोळ्यांसमोर धरून आरपार बघा. गंजाने भोक पेन्सिलीएवढं उरलं असेल तर जोडाचा विचार सोडा आणि पूर्ण लाइन बदला. तेव्हा अर्ध्या इंचीच्या जागी अर्धा इंची सीपीव्हीसी टाकू नका: त्याची आतली पोकळी जेमतेम 12 मिमी, तर नव्या जीआयची साधारण 16. पाऊण इंचीच घ्या.

जुन्या इमारतींत कधीकधी विजेचं अर्थिंग याच लोखंडी पाइपाला बांधलेलं असतं. मध्ये प्लास्टिक आलं की ते तुटतं, तेव्हा काम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि जोड झाल्यावर, चिकटवलेले सांधे पुरेसे वाळले की, लाइन रात्रभर भरलेली ठेवा. सकाळी जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. तो कोरडाच निघाला तर गवंड्याला बोलवा.