कादिझ (स्पेनमधलं बंदराचं शहर): तविरा मनोरा की कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, मनोरा?

एकच चढायचा असेल तर तविरा. समुद्रसपाटीपासून ४५ मीटर उंच. १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. आतल्या अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगातून शहराचं चालतं चित्र पांढऱ्या तबकडीवर पडतं: वाळत घातलेले कपडेसुद्धा हलताना दिसतात. ढग आले की चित्र फिकं पडतं, म्हणून भर उन्हातच जा. व्यापाऱ्यांचे जुने टेहळणी मनोरे इथूनच नीट दिसतात.

पायऱ्या झेपत नसतील तर कॅथेड्रल. तिथे उताराची वाट आहे, पण तीही दमवतेच. पिवळा घुमट मात्र अगदी शेजारी. बांधकाम १७२२ ते १८३८ रखडलं, त्यामुळे दगडही बदलला. खाऱ्या हवेने त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून आत छताखाली जाळ्या लावल्या आहेत.