ऱ्योगोकूचं तलवार संग्रहालय: जप्तीतून वाचलेली पाती

टोकियोत राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी माणसाने ऱ्योगोकूचं जपानी तलवारींचं संग्रहालय चुकवू नये. मोठ्यांना तिकीट १००० येन, प्रदर्शनाचं दालन तिसऱ्या मजल्यावर. नुसती नजर फिरवून बाहेर पडायचं तर पाऊण तासात होतं. पण ही पाती आज काचेआड का आहेत, समुद्राच्या तळाशी का नाहीत, हे ठाऊक असेल तर इथून पाय निघत नाही. म्हणून आधी ती हकिकत सांगते.

१९४५च्या सप्टेंबरात जपानने शरणागतीवर सह्या केल्या आणि देशभर शस्त्रं गोळा करायला सुरुवात झाली. सैन्याच्या बंदुका जमा होताना त्यांच्यावरची सम्राटाची सोळा पाकळ्यांची शेवंतीची मुद्रा कितीतरी ठिकाणी घासून काढली गेली. तलवारींचा प्रश्न मात्र अवघड होता. लष्करी तलवारींत कारखान्यात ठोकून काढलेल्या, नंबर मारलेल्या पुष्कळ होत्या. पण अनेक अधिकाऱ्यांनी घरातलं पिढीजात पातं नव्या लष्करी मुठीत बसवून लढाईवर नेलं होतं. वरून दोन्ही सारख्याच दिसायच्या. त्यात शस्त्रं जमा करण्याचा हुकूम सामान्य लोकांच्या घरांनाही लागू झाला. आजोबा-पणजोबांच्या तलवारी पोलीस चौकीत जमा झाल्या. काही समुद्रात बुडवल्या, काही पेट्रोल ओतून जाळल्या, काही वितळवल्या, आणि कित्येक सैनिकांनी आठवण म्हणून अमेरिकेला नेल्या.

याला आडवे आले ते होन्मा जुन्जी आणि सातो कान्इची हे दोन अभ्यासक. होन्मांनी अमेरिकेच्या आठव्या आर्मीचे कर्नल कॅडवेल यांच्यासमोर जुनी पाती ठेवली आणि यांना हत्यार म्हणून मोजू नका, ही कला आहे, असं पटवून दिलं. हरलेल्या देशाचा माणूस जिंकलेल्या सैन्यापुढे उभा राहून हे मागतो आणि समोरचा अधिकारी ते ऐकून घेतो, याबद्दल मला दोघांविषयी मनापासून आदर वाटतो. १९४६मध्ये तज्ज्ञांनी तपासून कलावस्तू ठरवलेल्या तलवारी घरी ठेवायला परवानगी मिळाली. जप्त झालेला माल टोकियोतल्या आकाबाने इथल्या अमेरिकी डेपोत साठवला होता. त्यातून सुमारे साडेपाच हजार पाती निवडून १९४७मध्ये टोकियोतल्याच उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात दिली. जपानी लोक त्यांना आजही ‘आकाबाने-तो’, म्हणजे आकाबानेच्या तलवारी, म्हणतात. काही पाती मूळ मालकांना परत गेली. उरलेल्यांसाठी १९९५मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि १९९९मध्ये तीन हजारांहून जास्त पाती देशभरच्या सार्वजनिक संग्रहालयांना वाटली. ऱ्योगोकूचं हे संग्रहालय चालवणारी संस्था याच धडपडीतून १९४८मध्ये उभी राहिली.

सगळंच वाचलं असं नाही. होन्जो मासामुने ही मासामुने या नामांकित लोहाराची, तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशांच्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तलवार, १९३९मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. १९४५च्या डिसेंबरात तोकुगावा इएमासा यांनी ती स्वतः मेजिरोच्या पोलीस ठाण्यात नेऊन दिली. नव्या वर्षात पोलिसांनी ती अमेरिकी सैनिकाच्या हवाली केली आणि तिथून पुढे तिचा ठावठिकाणा नाही. हे वाचल्यापासून मला कुठल्याही मासामुनेसमोर उभं राहिलं की पोटात कालवतं.

आता प्रत्यक्ष दालनाविषयी. मी गेले ते कोल्हापूरहून आलेल्या आबांना घेऊन. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरी खंडेनवमीला तलवार पुजायची ती त्यांच्याच हाताने. तलवार कशी बघायची हे मला तिथे त्यांच्याकडून कळलं. समोर ताठ उभं राहिलात तर नुसतं चकाकतं लोखंड दिसतं. गुडघ्यात वाकायचं, डोकं हळूहळू खालीवर करायचं, म्हणजे वरच्या दिव्याचा उजेड पात्यावरून सरकतो आणि धारेच्या कडेने पांढुरकी लाट उठते. मातीचा लेप देऊन, तापवून पाण्यात बुडवलेल्या पोलादाची ती खूण. एका पात्यावर ती अगदी सरळ होती, शेजारच्यावर लवंगेच्या कळ्या ओळीने मांडाव्यात तशी. “अगं, हे पाणी बघ, कुठं तुटलंय का?” आबा कुजबुजत म्हणाले आणि पुन्हा वाकले.

मुठीत जाणारा भाग मुद्दाम गंजलेलाच ठेवतात, कारण त्या गंजाच्या रंगावरून वय कळतं. त्यावर पुष्कळदा लोहाराची सही कोरलेली असते. एखाद्या पात्याला मूठ पक्की करणाऱ्या खिळीची दोन-तीन भोकं दिसली तर ते पुढे कधीतरी कापून आखूड केलं असण्याची शक्यता असते. धार खाली करून ठेवलेली ती ताची, कमरेला लटकवायची. धार वर असलेली ती कताना, कमरपट्ट्यात खोवायची.

आबांना एक गोष्ट आधीपासून माहीत होती. युद्धानंतर जपानच्या ताब्यासाठी जी ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज आली, तिच्यात १/५ मराठा लाइट इन्फंट्रीही होती. इटलीत नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच पलटण. ती ज्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिचं मुख्यालय ओकायामाला होतं, म्हणजे जुन्या बिझेन प्रांतात, जिथे जपानातल्या कितीतरी नामांकित तलवारी घडल्या. शस्त्रं मोडीत काढणं हे त्या फौजेच्या कामांपैकी एक. खंडेनवमीला शस्त्रापुढे फूल ठेवणारी आपली पोरं १९४६-४७मध्ये जपानात अशा फौजेत होती. बिझेनच्या पात्यापाशी आबा सगळ्यांत जास्त वेळ थांबले. मी घाई केली नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. युद्धाचा इतिहास बघायचा म्हणून येऊ नका. इथे पोलादाची कला मांडली आहे, कारखान्यातल्या लष्करी तलवारी शोधू नका. त्या आजही जपानात घरी ठेवता येत नाहीत, माळ्यावर सापडली तर पोलिसांत जमा करावी लागते. परंपरागत पद्धतीने घडवलेल्या पात्याला मात्र नोंदणीचा कागद मिळतो आणि तो पात्याबरोबरच फिरतो. प्रदर्शन बदलत असतं, तेव्हा काय लागलंय ते बघून जा. सोमवारी बंद. लहान मुलं कंटाळली तर शेजारी जुनी यासुदा बाग आहे, तळ्याकाठी बसवा; तिथे पैसे पडत नाहीत. जेआर सोबू लाइनने या, स्टेशनवरून चालत दहा मिनिटंही लागत नाहीत, वाटेत सुमो कुस्त्यांचं स्टेडियम, कोकुगिकान, लागतं. दिवस हाताशी असेल तर दुपारी उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय करा, पण ऱ्योगोकू सकाळी, डोळे ताजे असताना.