स्विफ्टला व्ही-एटचा आवाज म्हणून 26,500 ला चुना लावला

राग अजून उतरत नाही म्हणून लिहितोय, सोलापुरातल्या पोरांनी तरी वाचा. होटगी रोडकडचा एक मॉडिफिकेशनवाला म्हणाला स्विफ्टला त्या अमेरिकन मस्टँग गाडीसारखा व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनचा, आवाज काढून देतो, 5,000 रोख अॅडव्हान्स आणि 21,500 यूपीआयने घेतले, आणि आवाज कसला तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा.

कळायला पाहिजे होतं ते डेमोच्या व्हिडिओतच. त्यात आरपीएम मीटरचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या दाखवतो तो) काटा चार हजारावर गेला होता आणि आवाज मात्र आयडलचाच, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवलेल्या इंजिनचा, गुडगुड गुडगुड! म्हणजे दुसऱ्याच गाडीचा आवाज चिकटवलेला. पण बाजूला ग्राइंडर चालू, हा कानाशी "दादा, आज बुक करा, उद्या रेट वाढतोय", त्यात मोबाईलवर काटा कोण बघत बसतो? माझं चादरींचं दुकान आहे, मी काय इंजिनिअर नाय.

नंतर एका जुन्या मेकॅनिकमामांनी सांगितलं की मस्टँगच्या व्ही-एटचा क्रँकच, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, असा असतो की एका बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट कधी 90 अंशांवर, कधी 180, कधी 270, ती गुडगुड त्यातनं येते. आपल्या चार सिलिंडरला दर 180 अंशाला एक स्फोट, 3000 आरपीएमला सेकंदाला बरोब्बर 100, एकसारखे. सायलेन्सरनं आवाज दाबता येतो नाहीतर मोकळा सोडता येतो, पण ताल इंजिनचा असतो, पाईप बदलून तो बदलत नाही. हे त्या मॉडिफिकेशनवाल्याला माहीत नव्हतं होय? चांगलं माहीत होतं.

आणि खरा डल्ला तर पुढंच. ओरिजिनल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाईनीत धुरातला विषारी वायू कमी करणारा पार्ट) काढून "भंगार आहे दादा, डिकीत कशाला घाण" म्हणत ठेवून घेतला. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असले महागडे धातू असतात! काढलेला पार्ट आधी डिकीत टाका, काळा असू दे नाहीतर फुटका. माझी चेक इंजिन लाईट लागली, पीयूसी नापास, नवीन कन्व्हर्टरचं कोटेशन 38,700.

पोलीस चौकीत गेलो तर साहेब म्हणाले हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन केला तर म्हणे पैसे तुम्ही स्वतःहून दुकानात दिलेत, हा सायबर फ्रॉड नाही. आरटीओत तर कहर, मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 पर्यंत दंड तुम्हालाच, गाडी आधी पूर्ववत करा. अरे पण पूर्ववत करायचा पार्टच त्यानं विकून खाल्लाय ना! चोर तिकडं शटर उघडून बसलाय आणि दंडाची भीती मला.

पक्क्या बिलाशिवाय रुपया सोडू नका. माझ्या कागदावर नुसतं "फिटिंग चार्ज" लिहिलंय, जीएसटी नंबर नाही, सही नाही, वकील म्हणतो याच्यावर केस उभी करायची कशी.