रात्रीची सोबत: छत्रपती संभाजीनगरातील एका रुग्णसेवेचा अनुभव

बाबांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर ते अकरा दिवस शहरातील एका खासगी रुग्णालयात होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. नातलग अलिबाग, ठाणे आणि इस्राएलमध्ये विखुरलेले, सिनेगॉगसाठीही, म्हणजे प्रार्थनामंदिरासाठीही, आम्हांला पुणे गाठावे लागते. नोकरी सांभाळून रोज रात्री जागणे पती-पत्नी दोघांना झेपेना, म्हणून रात्री सोबतीला माणूस देणाऱ्या एका सेवेकडे गेलो. पुढे एक तक्रारही मांडायची असल्याने सेवेचे नाव लिहीत नाही.

आजाऱ्याची विचारपूस करणे, म्हणजे ‘बिक्कूर होलीम’, ही आमच्याकडे धर्माज्ञा आहे. भेटायला येणारा माणूस आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे तलमूद हा आमचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. तिथेच रब्बी (धर्मगुरू) अकीवांची गोष्ट आहे: त्यांचा एक शिष्य आजारी होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकले नव्हते, अकीवा गेले, त्यांच्यामुळे तिथली जमीन झाडून घेतली गेली, पाणी शिंपडले गेले आणि शिष्य बरा झाला. माझ्या मते या आज्ञेचे मर्म या झाडण्यात आहे, कारण उशाशी बसून चौकशी करणे सोपे असते, पण आजाऱ्याला काय हवे ते पाहून उठणे फार थोड्यांना जमते.

पहिल्या रात्री आलेल्या मावशींनी पिशवी ठेवताच खाटेखाली वाकून पाहिले, वॉर्डातल्या सफाईवाल्या मामींकडून झाडू मागून आणला आणि दिवसभर पडलेला कापूस व गोळ्यांची रिकामी पाकिटे काढली. पाण्याचा तांब्या बाबांचा हात पोहोचेल असा सरकवला. दुसऱ्या दिवशी मटणाच्या सुपानंतर नर्सने दूध आणले, तेव्हा मावशींनी मला फोन करून विचारले, “तुमच्यात लगेच चालतं का?” आम्ही मांसानंतर दूध घेत नाही, हे मी एकदाच सांगितले होते. त्यांनी दूध परत पाठवून रात्री उशिरा ताक न घातलेली ज्वारीची आंबील दिली.

दर बारा तासांना ९०० रुपये होता आणि पैसे रोजच्या रोज द्यायचे होते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रामदिनी, आम्ही पैशाचा व्यवहार करत नाही, हे सांगितल्यावर सेवेने शनिवारचे पैसे शुक्रवारी दुपारीच घेतले.

तक्रार अशी की पाचव्या रात्री न कळवता मावशींऐवजी एक मुलगा पाठवला. तो रात्रभर मोबाइलमध्ये होता आणि बाबांना लघवीचे भांडे मागण्यासाठी तीनदा हाक मारावी लागली. कार्यालयाने माफी मागितली, पण पैसे परत दिले नाहीत. दुसरी अडचण वेळेची होती. दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन तासांत आजाऱ्याला भेटू नये, असेही तलमूदमध्ये आहे, कारण सकाळी त्याला बरे दिसते आणि भेटणारा प्रार्थनेत ढिला पडतो, तर संध्याकाळी आजार इतका वाढलेला भासतो की भेटणारा आशाच सोडतो. रुग्णालयाची भेटीची वेळ नेमकी संध्याकाळी पाच ते सात होती आणि बाबांचे दुखणे तेव्हाच वाढे. आठला मावशी येत, तोवर ते अगदी खचलेले असत. ही सेवा सहापासून मिळाली असती तर फार बरे झाले असते.

तरीही पुन्हा गरज पडली तर याच सेवेला फोन करीन, मात्र त्याच मावशी मोकळ्या आहेत का, हे आधी विचारून.