रस्ट शिकताना कुणी नाव-नंबर विचारला नाही, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आठ महिने झाले रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय, आता बऱ्यापैकी हात बसलाय म्हणून सविस्तर लिहितेय. नोकरीसाठी नाही शिकले. मी लिबर्टेरियन विचारांची, सरकार असो की कंपनी, मला न विचारता माझ्या कागदपत्रांत डोकावायचा हक्क कुणालाच नाही असं मनापासून मानणारी. एनक्रिप्शनमध्ये (माहिती किल्लीने बंद करून ठेवण्यात) चोरदरवाजा ठेवा म्हणणाऱ्या कायद्यांविरुद्ध सह्या गोळा करणं, पत्रं लिहिणं, चर्चांमध्ये भांडणं हे कितीतरी वर्षं करत आले. एका चर्चेत समोरच्याने सरळ विचारलं, किल्ली म्हणजे नक्की काय असते, कुठे राहते, आणि अजून एक किल्ली सरकारकडे ठेवली तर बिघडतं काय? तत्त्व माझ्याकडे होतं, उत्तर नव्हतं. त्याच रात्री ठरवलं, कोड लिहायला शिकायचं.

आधी एका ऑनलाइन कोर्समध्ये नाव घालायला गेले. पहिला धडा दिसायच्या आत ईमेल द्या, फोन नंबर द्या, मग कुठल्या पानावर किती वेळ थांबलात त्याची पण नोंद. प्रायव्हसीसाठी शिकायचं आणि दारातच सगळी माहिती काढून ठेवायची, नाही पटलं, बंद केलं.

रस्टचं मला इथेच आवडलं. रस्टअप हा इन्स्टॉलर टाकला की कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा), कार्गो (प्रोजेक्ट बांधणारं, लायब्ररी आणणारं साधन) आणि सगळं डॉक्युमेंटेशन आपल्या मशीनवर येतं, अकाउंट नाही लॉगिन नाही, 'रस्टअप डॉक' अशी कमांड दिली की अधिकृत पुस्तकासकट सगळं ब्राउझरमध्ये उघडतं आणि त्याला नेट पण लागत नाही. रस्टलिंग्ज नावाचे सराव आहेत, मोडका कोड देतात, तो आपण दुरुस्त करायचा, तोही टर्मिनलमध्येच. मी तर वाय-फाय बंद करून बसायचे. कोण काय शिकतंय, कुठे अडकतंय, हे कुणाला कळायचं कारणच नाही.

आता भाषेबद्दल. रस्टचा गाभा म्हणजे मालकी. प्रत्येक व्हॅल्यूला एका वेळी एकच मालक, दुसऱ्याला दिली की आपली राहत नाही, उधार देता येते पण वाचायला हव्या तितक्यांना आणि बदलायला एका वेळी एकालाच. मालमत्तेच्या हक्कांवर वर्षानुवर्षं वाद घातलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटतं, पण मेमरीत याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. २०१४ ची हार्टब्लीड ही त्रुटी आठवा. वेबसाइटचं कनेक्शन एनक्रिप्ट करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीमध्ये आलेल्या मागणीची लांबी नीट तपासली जात नव्हती, त्यामुळे कुणीही बाहेरून सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा वाचू शकायचा, पुन्हा पुन्हा, आणि त्यात पासवर्ड, खाजगी किल्ल्या काहीही सापडायचं. रस्टमध्ये साधा सुरक्षित कोड लिहिला तर हद्दीबाहेरचं असं वाचताच येत नाही, प्रोग्राम तिथेच थांबतो.

मी फाइल एनक्रिप्ट करायचं एक छोटं टूल लिहायला घेतलं. पासफ्रेज (लांब पासवर्ड) एका फंक्शनला दिली, पुढच्या ओळीत परत वापरायला गेले तर एरर ई०३८२, म्हणजे ही व्हॅल्यू आता तुमची नाही. कंपायलर कुठल्या ओळीत मालकी गेली ते बाण काढून दाखवतो, आणि क्लोन (प्रत) करून बघा असंही सुचवतो. मी क्लोन केलं, चाललं. दोन दिवसांनी लक्षात आलं की आता माझ्या पासफ्रेजच्या मेमरीत दोन प्रती आहेत! मग नीट शिकले, प्रत काढायची नाही, उधार द्यायची, आणि काम झालं की झिरोआइझ नावाच्या क्रेटने (क्रेट म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली तयार लायब्ररी) ती जागा पुसून टाकायची, कारण रस्ट मेमरी परत करतं पण आतलं आपणहून पुसत नाही. गुपित नक्की कुठे राहतं हे मला त्या एका एररने शिकवलं.

एनक्रिप्शनचं गणित मात्र स्वतः लिहू नका, मी एज या फाइल एनक्रिप्ट करायच्या फॉरमॅटची रस्टमधली लायब्ररी वापरली. त्यात प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली असते आणि ती किल्ली ज्याला ज्याला फाइल उघडू द्यायची त्याच्या पब्लिक किल्लीने (ही कुणालाही देता येते, उघडायची खाजगी किल्ली मात्र त्याच्याकडेच) बंद करून फाइलच्या वरच ठेवतात. दुसरा माणूस जोडायला मला मोजून चार ओळी लागल्या, आणि तिथेच त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सरकारी किल्ली म्हणजे जगातल्या प्रत्येक फाइलवर तोच एक जादा माणूस जोडणं, आणि त्याची एक किल्ली चोरीला गेली की सगळ्या फाइली उघड्या. अमेरिकेने १९९३ मध्ये क्लिपर चिप आणली ती याच कल्पनेची, किल्ल्या सरकारजवळ ठेवायच्या, आणि १९९४ मध्येच मॅट ब्लेझ या संशोधकाने त्यातली खोट दाखवून दिली. आता चर्चेला जाते तेव्हा कागदावर या चार ओळी लिहून दाखवते. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपची लायब्ररी लिबसिग्नल आणि ओळख लपवून नेट वापरू देणाऱ्या टोरचं नवं रूप आर्टी हे दोन्ही रस्टमध्ये आहे, त्यामुळे ज्यांच्यावर विश्वास टाकते त्यांचा कोड थोडाथोडा वाचता पण येतो.

त्रास आहेच. पहिले दोन महिने कंपायलरशी नुसती झटापट. कंपाइल व्हायला वेळ लागतो, कंपाइल झालेलं जिथे साठतं ते टार्गेट फोल्डर फुगत जातं. पण मला खरी काळजी क्रेट्सची वाटते. माझ्या एवढ्याशा टूलने शंभराच्या वर क्रेट्स ओढले आणि त्यातले काही कंपाइल होतानाच आपल्या मशीनवर स्वतःचा कोड चालवतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये मागचं दार सापडलं, ते घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला होता. ते प्रकरण रस्टचं नव्हतं, पण धोका इथेही तोच. म्हणून 'कार्गो ट्री'ने कुठले क्रेट आलेत ते बघा, 'कार्गो ऑडिट'ने त्यातल्या माहीत असलेल्या त्रुटी तपासा, नको ते क्रेट काढून टाका. आणि स्वतःचा क्रेट प्रकाशित करायचा तर एका मोठ्या कंपनीचं अकाउंट लागतं, हे मला खटकतं, मी अजून केलेला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सुरू करायचं असेल तर रस्टअप टाका, नेट बंद करा आणि पुस्तकाचं चौथं प्रकरण दोनदा वाचा, मालकी तिथेच आहे.